जेरोमचा हार्मोन

ज्या दुपारी जेरोम दाब्रेने सिराजच्या घरी चहा प्यायला, त्या दुपारी तसं काही करायचा त्याचा बेत नव्हता. सिराजच्या बायकोने, रुबिनाने, ट्रे समोर धरला. ट्रेमध्ये चहाचे कप होते आणि कडेला, नेहमीप्रमाणे, फक्त त्याच्यासाठी केलेलं सुंठ-गुळाचं पाणी. नऊ वर्षं या घरात तो तेच पीत आला होता. पण गेले तीन महिने नोकरीच्या हॉटेलातल्या एसीच्या चिलर प्लांटमध्ये मल्याळी टेक्निशियनांच्या टोळक्यात तो रोज चहा ढोसत होता, आणि हात हा असा अवयव आहे की कुणासमोर काय लपवायचं ते त्याला कळत नाही. हात चहाकडे गेला. दोन घोट झाले. मग जेरोमच्या लक्षात आलं की खोलीतले सगळे त्याच्या कपाकडे बघतायत.

शुक्रवार होता. त्याची बायको लिंडा आणि मुलगी नॅटली दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने मुंबईला निघणार होत्या. नॅटलीचं लग्न तीन आठवड्यांनी वसईला, अ‍ॅलनशी. म्हणून सिराजने दाब्रे मंडळींना मस्कतमध्येच, सीबहून वादी अदाईला आपल्या घरी निरोपाच्या जेवणाला बोलावलं होतं. शुक्रवार हाच मस्कतचा रविवार असल्यामुळे सगळे आपापल्या देवाला भेटून आले होते. सिराज मशिदीतून आला, लिंडा आणि नॅटली रुवीच्या चर्चमधून. त्यांचा मित्र रमण टिपणीस झोपेतून आला. तो नास्तिक होता, आणि शुक्रवारची सकाळ मोकळी मिळणं हा नास्तिकपणाचा सगळ्यात ठोस फायदा आहे असं तो वारंवार सांगत असे. जेरोम कुठून आला हे कुणी विचारलं नव्हतं. तो आपल्या अमेरिकन लोकांच्या प्रार्थनेहून आला असणार, हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. खरं तर सकाळभर तो सीबच्या किनाऱ्यावर गाडी लावून आत बसला होता, एसी चालू ठेवून.

त्याच्या धर्मांतराची हकिगत दोन्ही घरांत पाठ होती. १९९४ साली हॉटेलने त्याला चिलरच्या ट्रेनिंगला अमेरिकेत, यूटा नावाच्या राज्यात पाठवलं. सहा महिन्यांनी तो परतला तो एक सर्टिफिकेट आणि एक नवा धर्म घेऊन. सर्टिफिकेट हॉटेलला उपयोगी पडलं. दाब्र्यांच्या घराण्यात मॉर्मन, म्हणजे त्या अमेरिकन ख्रिस्ती पंथाचा, झालेला तो पहिलाच, आणि लिंडाच्या मते वसई तालुक्यातलाही. मॉर्मन लोक दारू पीत नाहीत, हे एक वेळ सहन करता आलं असतं. पण ते चहा पीत नाहीत आणि कॉफीही पीत नाहीत. ओमानमध्ये राहून कॉफी न पिणं म्हणजे वसईत राहून मासे न खाणं. हॉटेलचा अर्बाब, म्हणजे मालक, दर ईदला स्वतःच्या हाताने काहवा, इथली कॉफी, ओतायचा. फिंजान, म्हणजे तो छोटा कप, हलवला की ‘आता पुरे’ असा इथला रिवाज. जेरोम पहिल्याच कपाआधी रिकामा फिंजान हलवायचा. अर्बाबला हे नऊ वर्षांत उमगलं नव्हतं, पण मनाचा मोठा माणूस, त्याने पगार थांबवला नाही.

पहिली बोलली ती हवाबी. हवाबी म्हणजे सिराजची अम्मी. फडक्याने चष्मा पुसत ती दिवाणावर बसली होती, ती पुसायचं थांबली.

“या अल्ला! प्याला! पोरानं चाय प्याला! जेरोम, तुजा हार्मोन गेला रे?”

इथे थोडा खुलासा करायला हवा. नऊ वर्षांपूर्वी सिराजने घरी येऊन “अम्मी, जेरोम मॉर्मन झालाय” असं सांगितलं, तेव्हा हवाबीने ‘हार्मोन’ ऐकलं. सहमला राहणाऱ्या तिच्या भाचीलाही हार्मोनचा त्रास होता आणि डॉक्टरने तिला निम्म्या गोष्टी बंद केल्या होत्या. जेरोमलाही चहा बंद, कॉफी बंद. सगळं जुळत होतं. सिराजने एक-दोनदा समजावायचा प्रयत्न केला, पण ‘मॉर्मन म्हणजे काय’ हे त्याला स्वतःलाच नीट सांगता येईना, आणि आजार म्हटल्यावर निदान प्रश्न तरी थांबत होते. तेव्हापासून हे सुंठीचं पाणी.

जेरोमने कप खाली ठेवला. खोटं बोलायचं नाही, हा त्याचा जुना हट्ट. तो प्रत्येक धर्मात टिकला होता.

“गेला, अम्मी,” तो म्हणाला.

“कवा?”

“तीन महिने झाले.”

“आनि सांगलास नाय?” हवाबीने चष्मा चढवला. “रुबिना, गोड काय हाय तां भायेर काड गो!”

लिंडाने आपला कप बशीत ठेवला तेव्हा आवाज झाला. तीन महिने. नऊ वर्षं तिने या दिवसासाठी नोव्हेने, नऊ-नऊ दिवसांच्या प्रार्थना, केले होते. वसईच्या तिच्या दोन्ही बहिणींना कामाला लावलं होतं. एका फादरना तर तिने इतक्या वेळा मिस्सा सांगितल्या की शेवटी त्यांनीच तिला धीर धरायला सांगितलं. आणि हा दिवस तीन महिन्यांपूर्वीच येऊन गेला होता, कुणाला न सांगता, चिलर प्लांटमध्ये.

“म्हणजे तू सोडलंस,” ती म्हणाली.

“पत्र पाठवलं. त्यांनी नाव काढलं.”

लिंडाने डोळे मिटले, कपाळापासून छातीपर्यंत क्रूस केला आणि डोळे उघडले तेव्हा ती दहा वर्षांनी तरुण दिसत होती. “देव पावला! वसईला गेल्या गेल्या फादरना भेटू. कन्फेशन कर. लग्नात सगळ्यांसमोर कम्युनियन घेशील. माझ्या बहिणींची तोंडं बघायची आहेत मला.”

“लिंडा,” जेरोम म्हणाला, “मी परत येत नाहीये.”

“कुठे?”

“कुठेच. मॉर्मन सोडलं म्हणजे कॅथलिक झालो असं नाही. मी आता काहीच नाही.”

लिंडाने हे वाक्य दोनदा मनात फिरवून पाहिलं. काहीच नाही. वाईट धर्म असलेला नवरा तिला सांभाळता येत होता. त्यात तिचा हात बसला होता. धर्मच नसलेल्या नवऱ्याविरुद्ध नोव्हेना कुणाचा करायचा, हेही तिला ठाऊक नव्हतं.

“तसे तुझे ते अमेरिकन लोक काही वाईट नव्हते,” ती सावकाश म्हणाली. “सिस्टर कॅरल किती छान केक करायची.”

“तू तो केक वॉचमनला द्यायचीस.”

“वॉचमनला आवडायचा!”

रमण टिपणीस आतापर्यंत गप्प होता, हेच मुळात नोंद घेण्यासारखं होतं. रमण विमा कंपनीत सर्व्हेयर. ‘ॲक्ट ऑफ गॉड’ या कलमाखाली लोकांचे क्लेम नाकारणं हे त्याचं काम, आणि ज्याच्यावर आपला विश्वास नाही त्याच्यावर रोज सही करून जबाबदारी टाकण्यात आपण आयुष्य घालवलं, असं तो दोन पेगनंतर म्हणायचा. अठरा वर्षं तो या मित्रमंडळातला एकमेव नास्तिक होता. वाद निघाला की सगळे त्याच्याकडे बघायचे. आता ही दुसरी असामी. आणि रमणच्या लक्षात आलं की तिची योग्यता आपल्यापेक्षा जास्त आहे. आपण एकच धर्म सोडला. याने दोन.

“एक मिनिट,” रमण सरसावून बसला. “काहीच नाही म्हणजे नक्की काय? देव नाही असं म्हणतोस, की माहीत नाही असं म्हणतोस?”

“माहीत नाही.”

“मग तू नास्तिक नाहीस. तू अज्ञेयवादी.” रमणला बरं वाटलं. “लोक उगाच दोन्हींची गल्लत करतात. नास्तिक व्हायला वाचन लागतं.”

“हो रे बाबा, वाचन लागतं,” सिराज म्हणाला. “आणि गणपतीत मूर्ती कोण उचलून आणतो मग, तुझं वाचन?”

“ती जड असते! माझ्या बायकोची, रेखाची, पाठ दुखते. तो हमालीचा प्रश्न आहे, श्रद्धेचा नाही.”

“आणि आरतीला टाळ्या?”

“टाळ्या ताल म्हणून.”

सिराजचं एसीच्या सुट्या भागांचं दुकान होतं रुवीला. जेरोमशी ओळख तिथलीच, एका कॉम्प्रेसरवरून झालेल्या भांडणातून. त्याने जेरोमकडे खुर्ची वळवली. आवाज उतरला.

“जेरोम, मजाक सोड. तू कॅथलिक होतास, मॉर्मन होतास, मला फरक नाय पडला. का? तू किताबवाला होतास. तुमची किताब, आमची किताब, वर एकच. मी मनात तुझी सोय लावून ठेवली होती यार, जन्नतमध्ये, माझ्या जवळच. कोपऱ्यात, पण जवळ. आता तुला बसवू कुठं?”

“रमणला कुठे बसवलंयस?”

“रमणचा मी विचारच करत नाय. तो गणपतीवाल्यांच्या रांगेतून येईल कसाही.”

“निषेध,” रमण म्हणाला.

“पण सोडलंस का, ते तर सांग,” सिराज म्हणाला. “बीवीला नाय सांगितलंस, मला नाय. काय झालं काय? भांडण झालं? कुणी काय बोललं?”

जेरोमला हे सांगायचं नव्हतं, कारण सांगितलं की ते फार क्षुल्लक वाटेल हे त्याला माहीत होतं. नऊ वर्षांची गोष्ट एका क्रियापदावर मोडली होती.

“त्यांच्यात महिन्यातून एकदा ज्याला वाटेल त्याने उभं राहून साक्ष द्यायची असते,” तो म्हणाला. “सगळे म्हणतात, ‘आय नो.’ मला माहीत आहे की देव आहे. मला माहीत आहे की हे चर्च खरं आहे. ‘मानतो’ नाही, ‘वाटतं’ नाही. माहीत आहे. लहान लहान पोरंसुद्धा. मीही म्हणायचो. मग एकदा प्लांटमध्ये चिलर ट्रिप झाला, आपोआप बंद पडला, तर माझा नवीन मुलगा म्हणाला, ‘सर, आय नो, प्रेशर ओके है.’ मी विचारलं, गेज बघितलास? म्हणाला, नाही. मी त्याला इतका झापला, इतका झापला... बघितलं नसेल तर ‘माहीत आहे’ म्हणू नकोस, म्हटलं. ‘वाटतं’ म्हण, माणसं मरतात त्याने. त्याच शुक्रवारी मी साक्ष द्यायला उभा राहिलो. ‘आय नो’ म्हणायला तोंड उघडलं आणि...”

“आणि?”

“गेज आठवलं. तसाच उभा राहिलो. सगळे वाट बघतायत. शेवटी म्हणालो, ‘थँक यू, लंच इज रेडी,’ आणि खाली बसलो.”

“होतं?” रुबिनाने विचारलं. ती शेवयांची खीर घेऊन आत आली होती.

“काय?”

“लंच तयार?”

“नव्हतं,” जेरोम म्हणाला. “अजून तासभर होता.”

सगळे हसले, फक्त नॅटली नाही. ती खिडकीजवळ पाय मुडपून बसली होती. मस्कतच्या भारतीय शाळेत, इंग्रजीत वाढलेली पोर; मराठी कळायचं सगळं, बोलताना मात्र ती प्रत्येक शब्दाची परवानगी घेतल्यासारखी थांबायची.

“डॅडी,” ती म्हणाली, “मग उद्या मला ब्लेस कोण करणार?”

हसणं थांबलं.

दाब्र्यांच्या घरात आशीर्वाद ही साधी बाब नव्हती. लिंडाची पद्धत कॅथलिक: उजव्या अंगठ्याने कपाळावर छोटा क्रूस, खलास. मॉर्मन झाल्यावर जेरोम बापाने द्यायचा त्यांचा आशीर्वाद देऊ लागला, तो दोन्ही हात डोक्यावर ठेवून, मोठ्याने, लांबलचक. लिंडाला ते दोन हात सहन व्हायचे नाहीत. “डोकं आहे का फणस?” ती म्हणायची. शेवटी तह झाला होता: आधी अंगठा, मग हात. दहावीच्या परीक्षेला, अपेंडिक्सच्या ऑपरेशनला, पहिल्या नोकरीच्या सकाळी नॅटलीला दोन धर्मांचे आशीर्वाद ओळीने मिळाले होते, आणि मैत्रिणींना वडिलांचे हात मिळत नाहीत हे कळल्यावर तिला त्यांची कीवच आली होती. तिला मॉर्मन व्हायचं नव्हतं. तिला ते दोन हात हवे होते. त्यांचं वजन.

“मम्मी करेल की,” जेरोम म्हणाला.

“मम्मी तर करेलच. तुम्ही?”

“नॅटली, माझ्याकडे द्यायला काही नाहीये गं. ते हात कुणाच्या तरी नावाने ठेवायचे असतात. नुसतेच ठेवले तर ते... नाटक होईल.”

“ऑल द बेस्ट म्हण,” रमणने सुचवलं. “ते पूर्णपणे निधर्मी आहे.”

“ऑल द बेस्ट?” लिंडा उसळली. “लग्नाला चाललीय ती, ड्रायव्हिंग टेस्टला नाही! रमण, तुम्ही गप्प बसा. जेरोम, मॉर्मन असतास तर निदान दोन हात तरी मिळाले असते पोरीला! जा, घे परत नाव लावून. उद्या सकाळपर्यंत लावून घे.”

“तू सांगतेयस हे?”

“हो, मीच सांगतेय!”

“मग मी उद्या जात नाही,” नॅटली म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच जेरोमला भीती वाटली. “आय मीन इट. त्याच्याशिवाय मी विमानात नाही बसणार.”

सिराजने घसा साफ केला. “मी दुआ करतो बेटा, मी आहे ना...”

“सिराज अंकल, थँक यू. बट नो.”

या सगळ्यात हवाबीचं लक्ष नव्हतं. ती दिवाणाखालच्या बॅगेत हात घालून काहीतरी शोधत होती. ते सापडलं: एक हिरवी, जरीकाठाची चादर, नीट घडी केलेली, मधे कापूरगोळ्या.

“जेरोम, तू हिंदुस्थानात कवा जातोस?”

“पुढच्या आठवड्यात, अम्मी. लग्नाला.”

“तर ही घेऊन जा. आमच्या गावच्या दर्ग्यावर घालायची. तुजा हार्मोन बरा झाला की चादर घालीन, असा मी बोललेली. नऊ वर्सां झाली, तवाच घेऊन ठेवलेली.”

सिराजने कपाळावर हात मारला. जेरोमने चादरीकडे बघितलं. कापूरगोळ्यांचा वास खोलीभर पसरला. नऊ वर्षं ही बाई आपण बरे व्हावे म्हणून देवाला साकडं घालत होती, आणि आपण बरे झालो होतो ते देवातूनच, हे तिला सांगायचं कसं?

“अम्मी,” तो म्हणाला, “तो आजार नव्हता. तो धर्म होता. आणि आता मी... चादर-बिदर, देव, हे काही मानत नाही. मी घालणं बरोबर नाही.”

“तुला मानायला कोन सांगतो?” हवाबी म्हणाली. “मानलेली मी हाय. तू फक्त न्यायची नि घालायची. माज्या गुडघ्यांना त्या पायऱ्या होत नाय.”

“आउटसोर्सिंग,” रमण खीर खात म्हणाला. “सध्या सगळीकडे तेच चाललंय.”

जेरोमने मदतीसाठी सिराजकडे पाहिलं. सिराजने खांदे उडवले. “घेऊन जा. मानत नसशील तर तुझं काय जातंय? मानत असशील तरच प्रॉब्लेम होता.”

जेरोम या वाक्यात खोट शोधत बसला. ती सापडेना. तोवर नॅटली उठून त्याच्यासमोर जमिनीवर येऊन बसली होती, मान खाली घालून, परीक्षेच्या सकाळी बसायची तशी.

“डॅडी,” ती म्हणाली, आणि या वेळी थांबली नाही, “मानते मी. तुम्ही फक्त हात ठेवा.”

जेरोमच्या मांडीवर चादर होती आणि ती सांभाळायला डावा हात अडकला होता. राहिला उजवा. त्यात मघाशी पुन्हा उचललेला कप होता. त्याने कप रमणकडे दिला आणि तो एक हात लेकीच्या डोक्यावर ठेवला. मग नेहमीच्या सवयीने तोंड उघडलं आणि पुढे शब्द नव्हते. नऊ वर्षं या जागी देवाचं नाव यायचं. खोलीत फक्त एसीची घरघर. कंडेन्सर साफ करायला झालाय, त्याला वाटलं. नाही, वाटलं नाही. हे त्याला माहीत होतं.

“मला माहीत आहे,” तो म्हणाला, आणि स्वतःच दचकला. “मला माहीत आहे की घरातून निघताना तू गॅसचा नॉब दोनदा बघतेस. माझ्यासारखी. मला माहीत आहे की सहमच्या रस्त्यावर गाडी तापली होती, तू दहा वर्षांची होतीस, तेव्हा तू तुझी पाण्याची बाटली रेडिएटरला दिलीस आणि घरी येईपर्यंत पाणी मागितलं नाहीस. मला माहीत आहे की तू रागावलीस की गप्प बसतेस, आणि लोकांना वाटतं तू कबूल झालीस. अ‍ॅलनला हे अजून माहीत नाहीये. त्याला मी लग्नाच्या आधी सांगेन.” तो थांबला. हाताखाली डोकं किंचित हललं. ती हसत होती की काय, ते त्याला दिसत नव्हतं. “मला माहीत आहे की तुझं सगळं चांगलं होणार...”

तो पुन्हा थांबला. 

“नाही. हे मला माहीत नाही,” जेरोम म्हणाला. “हे मला फक्त हवंय. फार हवंय.”

लिंडा खिडकीबाहेर बघत होती, वादी अदाईच्या उघड्या-बोडक्या डोंगराकडे, जिथे बघण्यासारखं काही नव्हतं. सिराजने नाक शिंकरलं. रमण हातातल्या दुसऱ्याच्या कपाकडे असा बघत होता की जणू त्याचा क्लेम ठरवायचाय.

“आमीन,” हवाबी म्हणाली.

“आमेन,” म्हणत नॅटली उठली. तिचे डोळे ओले होते आणि स्कर्टला सतरंजीचे धागे चिकटले होते. “चालेल, डॅडी. बसेन मी विमानात.”

“एक हात होता,” लिंडा नवऱ्याकडे न बघता म्हणाली. “सगळ्यांनी बघितलं. दोन नव्हते, एकच. म्हणजे तसा आपल्यातलाच.”

“पण अंगठा नव्हता,” रमण म्हणाला. “तांत्रिकदृष्ट्या...”

“रमण, खीर खा,” सिराज म्हणाला.

हवाबी मात्र समाधानी नव्हती. ती जेरोमला निरखत होती, ओले डोळे, चेहऱ्याचा रंग. “रडतो कित्याक आता?” तिने रुबिनाला हळूच विचारलं. “हार्मोन पुरता गेला नाय वाटता. सुंठ चालू ठेव.”

रुबिनाने रमणच्या हातून जेरोमचा कप घेतला. चहा गार झाला होता. “भाऊजी, हा फेकते. दुसरा गरम आणू?” तिने कप रिकामा करून पुढे धरला.

आणि जेरोमच्या हाताने, त्याला न विचारता, नऊ वर्षांच्या सवयीने तो रिकामा कप घेऊन हलवला.

रुबिनाने ‘पुरे’ समजून मान डोलावली, कप घेतला आणि ती आत गेली. ती पडद्यापाशी पोचली तेव्हा कुठे जेरोमच्या लक्षात आलं.

“अगं रुबिना!” मांडीवरची चादर सावरत तो अर्धा उठला. “आण, आण! चुकून हलला!”